चुंबक घरीच राहू द्या : रोहिणी नक्षत्रात मराठवाड्यातला पाच दिवसांचा दगडशोध

उल्कापाषाण शोधणारे सहारा, ओमान, अटाकामा अशा वाळवंटांत जातात. तिथल्या फिकट जमिनीवर काळा दगड लांबून दिसतो, आणि पाऊस जवळपास नसल्याने उल्केतलं लोखंड हजारो वर्षं टिकतं. मराठवाड्यात सगळं उलटं आहे. माती काळी, दगडही काळा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि त्या भेगांत पडलेलं गिळून टाकते. त्यात आपल्या बेसॉल्टमध्येच, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळातच, मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज असल्याने बांधावरच्या जवळजवळ प्रत्येक दगडाला चुंबक चिकटतं. नवखा माणूस काठीला चुंबक बांधून निघाला की दुपारपर्यंत त्याच्याकडे 'उल्कां'चं पोतं होतं.

म्हणून या पाच दिवसांत उल्केवर फक्त लक्ष ठेवायचं होतं. पिशवी भरायची होती ती लाव्हाच्या बुडबुड्यांत तयार झालेल्या खड्यांनी : अकीक (ॲगेट), कॅल्सेडनी, जास्पर, गार (क्वार्ट्‌झ) हे सिलिकाचे खडे, आणि पाणी धरून ठेवणारं खनिज झिओलाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे गरम पाण्याने त्यांत सिलिका आणि झिओलाइटचे थर भरले. बेसॉल्ट कुजून माती होतो, सिलिका कुजत नाही. त्यामुळे अकीक शेतात आणि नदीत मिळतो. झिओलाइट मऊ असतो, तो ताज्या फोडलेल्या दगडातच सापडतो. कुठे काय शोधायचं हे एवढ्यावरून ठरतं.

वेळ मे महिन्याच्या अखेरची. रानं नांगरलेली, नद्या कोरड्या, विहिरी खोल करायची कामं जोरात, आणि रोहिणीची एखादी सर पडली की दगडांवरची धूळ आपोआप धुतली जाते. मृगात पेरण्या सुरू झाल्या की शेतात पाय ठेवणं योग्य नाही.

दिवस पहिला : पैठण

छत्रपती संभाजीनगरहून पहाटे निघालं की कोवळ्या उन्हात गोदावरीचं पात्र गाठता येतं. नाथसागराच्या काठाला हात लावायचा नाही, तो पक्षी अभयारण्याचा भाग आहे. शोध धरणाच्या खालच्या अंगाला. जायकवाडी १९७६ साली पूर्ण झालं. तेव्हापासून वरून येणारा जाड गोटा धरणातच अडतो. खाली उरला तो जुनाच. पण वाळू चाळणारे मोठे गोटे चाळणीवरून बाजूला टाकतात, आणि ते टाकलेले ढीग म्हणजे आपल्यासाठी आयतं निवडून ठेवलेलं सामान.

इथे एक अडचण ठरलेली असते. नदीपात्रात चाळण घेऊन वाकलेला माणूस दिसला की तो वाळूवाला असाच समज होतो. आधी तलाठी किंवा सरपंचाला भेटून सांगावं, फावडं आणि रिकामी पोती गाडीतही ठेवू नयेत. वाळू-गोटा हे गौण खनिज आहे, ते उचलायला परवाना लागतो. खिशात मावतील इतके चार खडे आणि ट्रॉलीभर गोटा यातला फरक समोरच्याला दिसला पाहिजे. शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांनी बराच वेळ बघून विचारलंच, "काय हुडकायलात? काही पडलंय का?" अकीक दाखवल्यावर म्हणाले, "ही तर चकमकीची गार. आमच्या लहानपणी हिच्यावरच इस्तू पाडायचे." बरोबरच आहे. पोलादावर घासून ठिणगी पाडायला कॅल्सेडनीसारखा दगड नाही.

शोधायची रीत अशी. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, सूर्याकडे तोंड करून हळू चालायचं. बेसॉल्ट काळाच राहतो, अकीकातून मात्र प्रकाश आरपार येतो आणि तो निखाऱ्यासारखा उजळतो. सूर्य पाठीशी घेतला तर तोच दगड पायाखालून निघून जातो. शंका आली की पाणी फवारून मोबाइलचा टॉर्च कडेला टेकवायचा. पट्टे असतील तर लगेच दिसतात. बहुतेक वेळा पांढरी गार किंवा करडी कॅल्सेडनी निघते. तांबूस-नारिंगी कार्नेलियन कमी, आणि सुपारीएवढा मिळाला तरी आनंद मानावा.

ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या जुन्या व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून भडोचला गाड्यांतून जाणाऱ्या मालात याच जातीच्या खड्यांचा उल्लेख आहे, तेही मोठ्या प्रमाणात. रस्ते नसलेल्या मुलखातून जवळपास वीस दिवसांचा प्रवास. पात्रातला एक खडा हातात घेऊन हे आठवलं की त्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. मात्र गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर मणी सापडले तर उचलू नयेत. ते खडे नाहीत, पुरावस्तू आहेत. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, आणि संरक्षित जागेवर तर खणणंच गुन्हा आहे.

साडेदहाला पात्र सोडलं. वाळू तापली की बुटाच्या तळव्यातून चटका बसतो. दुपारी नाथ मंदिराजवळ एका घरगुती खानावळीत भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याचा ठेचा आणि फोडलेला कांदा. येसराच्या आमटीने घाम निघतो आणि त्या उन्हात तेच बरं वाटतं.

दिवस दुसरा : अंबड ते जालना, विहिरींच्या कडेने

पाचांतला सगळ्यात भरीव दिवस हाच. झिओलाइटसाठी डोंगर चढायची गरज नसते. विहीर खोल चालू आहे ते शिवार शोधायचं. रस्त्यावरून यारीचा, म्हणजे दगड वर ओढायच्या क्रेनचा, खांब दिसतो, शेजारी ताज्या डबराचा निळसर-काळा ढीग. जुना ढीग तपकिरी पडलेला असतो, त्यातले स्फटिक उन्हापावसाने गेलेले असतात.

मुकादमाला विचारायचं ते असं : "पोकळीचा दगड किती परसावर लागला?" परस म्हणजे पुरुषभर खोली. लाव्हाचा प्रत्येक थर वरच्या बाजूला भोकाळ आणि पोटात घट्ट असतो. दोन थरांमध्ये बऱ्याचदा लाल मातीचा पट्टा येतो. तो पट्टा लागला की त्याच्या लगेच खाली भोकाळ दगड, आणि मोठ्या पोकळ्या तिथेच. विहिरीत पाणीही बहुधा याच भागात लागतं, म्हणून खोदणाऱ्यांना तो पक्का ठाऊक असतो. अंबडच्या अलीकडचा एक मुकादम ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "तांबडं संपलं की चकचक सुरू होती. त्या कोपऱ्यातलं बगा, बाकी सगळा कातळ हाय." सकाळच्या दोन तासांत जे मिळालं, ते सगळं त्या कोपऱ्यातलं.

आधी काय करायचं नाही ते. विहिरीत उतरायचं नाही : काठ सुटे असतात आणि सुरुंगाचा धूर तळाशी साचून राहतो. ढिगात रंगीत तारांचे तुकडे दिसले तर तिथे हातोडा मारायचा नाही, कारण न उडालेला डिटोनेटर डबरासोबत वर येऊ शकतो. मुकादमाला हाक मारायची आणि मागे सरकायचं. दगड उलटताना लांबची कड धरून आपल्याकडे उचलायची, म्हणजे खालचा विंचू किंवा फुरसं समोर मोकळ्या बाजूला निघतं, आपल्या पायावर येत नाही.

हत्यारं मोजकीच : एक किलोचा हातोडा, दोन छिन्न्या (एक चपटी, एक टोकदार), चष्मा, जाड हातमोजे, दहापट दाखवणारं भिंग. हातोड्यावर हातोडा कधीही मारू नये. कडक पोलादाची ठिकरी उडते आणि चष्मा नसेल तर डोळा जातो. पोकळी दिसली की थेट तिच्यावर घाव नको. चार-पाच बोटं लांबून, चारी बाजूंनी, हलके घाव घालत दगड कमी करत यायचं. एका दणक्यात पोकळी उघडली की आतले स्फटिक मुळापासून सुटून भुगा होतात. असे वाया गेलेले तुकडे प्रत्येक ढिगाजवळ दिसतात.

आत काय आहे ते ओळखायला नजर आणि खिळा पुरतो. पेंढीसारखा मध्ये बांधलेला, फिकट गुलाबी-पांढरा, मोत्यासारखी झाक असलेला स्टिल्बाइट. शवपेटीच्या आकाराचे चपटे स्फटिक म्हणजे हुलँडाइट. चौकोनी खांब आणि टोकाला पिरॅमिड असेल तर अपोफिलाइट. तो काटेकोरपणे झिओलाइट नव्हे, पण राहतो त्यांच्याच शेजारी. सुयांचा पंखा असेल तर स्कोलेसाइट, त्याला बोट लावू नये. सुई कातडीत मोडते आणि आठवडाभर सलते. पाणीदार पण तिरके ठोकळे दिसले तर लिंबाचा थेंब टाकायचा, फेस आला की कॅल्साइट. खिळ्याने ओरखडा उठलाच नाही तर क्वार्ट्‌झच्या कुळातलं काहीतरी.

लाऊमोंटाइटबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण निराशा तोच जास्त करतो. ओल्या दगडात तो दुधी, सुंदर दिसतो. उन्हात ठेवला की त्यातलं पाणी उडतं आणि काही दिवसांत पांढरा भुगा हातात येतो. त्यावर घरगुती इलाज नाही. फोटो काढून सोडून द्यावा.

बांधाबांधीसाठी वर्तमानपत्र नको, ते ओलं होऊन चिकटतं. अंड्यांचे ट्रे, टॉयलेट पेपरचा रोल आणि प्लास्टिकचा डबा चांगला. स्फटिकांची बाजू वर, वर काहीच दाबायचं नाही, डबा सीटवर. डिकीत ठेवलेला स्कोलेसाइट मातीच्या रस्त्याने जालन्यापर्यंत पोहोचत नाही.

दुपारी पारा ४२ वर गेला. माणशी पाच लिटर पाणी धरावं. तीन लिटर घेऊन आलेल्यांना ते दुपारी दीडच्या आत संपलेलं दिसतं. रस्त्याकडेला मोसंबीचा रस मिळाला. जालन्याची मोसंबी उन्हाळ्यात हिरवट असली तरी रसाला कमी नाही.

दिवस तिसरा : मंठ्यावरून लोणार

लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. पण मंठ्याहून तासाभरात गाठता येतं आणि उल्केचा विषय निघाल्यावर ते टाळून कसं चालेल? बेसॉल्टमध्ये आघाताने पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १९७३ साली तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या दाबाने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार, सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखीचा तर्क मागे पडला. वय मात्र पद्धतीनुसार सुमारे ५० हजार आणि सुमारे ५.७ लाख वर्षं असं दोन प्रकारे निघतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं. अभयारण्य असल्याने इथला खडाही उचलायचा नाही.

आदळलेल्या मूळ उल्केचे तुकडे इथे सापडत नाहीत. विवराएवढा आघात झाला की आदळणारा गोळा जवळपास पूर्णपणे वितळून आणि वाफ होऊन जातो. काठावर विकायला आणलेला 'लोणारचा उल्कादगड' घेऊ नये. बहुतेक वेळा तो साधा बेसॉल्ट किंवा जुन्या भट्टीतली लोखंडाची मळी असते. मळीत बुडबुडे असतात, उल्केत जवळपास कधीच नसतात. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे गैरसमज टळतात.

परतताना मंठ्याजवळच्या एका वस्तीवर चहाला थांबणं झालं आणि दगडांचा विषय निघाला. घरच्या काकांनी देव्हाऱ्यातून एक काळा गोटा आणला. वडिलांना रानात सापडलेला, "वरून पडलेला." घासायची परवानगी नव्हती आणि मागायचीही नसते. तेव्हा फक्त वजनाचा प्रयोग केला. तो कुणालाही करता येतो, म्हणून पूर्ण देतो.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. दगडाचं कोरडं वजन : १,२४० ग्रॅम. आता काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा. दगड सुतळीने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा हातात धरून लटकवा. काटा जो आकडा दाखवेल तितकं दगडाचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. आकडा आला ४३०. भागाकार २.८८. घट्ट बेसॉल्ट २.८ ते ३.० च्या आसपास असतो. साधी दगडी उल्का ३.३ ते ३.६ भरते, म्हणजे एवढ्या वजनाचा उल्कापाषाण असता तर आकडा साडेतीनशेच्या आसपास थांबला असता. भोकाळ दगडाला ही पद्धत वापरू नये, भोकांत पाणी शिरून हिशेब चुकतो.

उल्केवर असते तशी वितळून तयार होणारी काळी पातळ साल नव्हती, अंगठा दाबल्यासारखे खळगेही नव्हते. काकांना तसंच सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "बरं झालं, म्हंजे आपल्याच रानातला हाय." आणि गोटा परत देव्हाऱ्यात गेला. जाताना धपाटे-दही खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

खरा वाटावा असा दगड मिळालाच तर त्याला जोरदार निओडिमियम चुंबक लावू नये, दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. होकायंत्राची सुई हलते का एवढंच बघावं. धुवू नये, कोरड्या फॉइलमध्ये गुंडाळावा, जागेचा फोटो आणि जीपीएस नोंद ठेवून तहसील कार्यालयाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावं. देशातल्या उल्कांचं जतन हीच संस्था करते. २२ मे २०१२ ला काटोल परिसरात पडलेल्या उल्केचे तुकडे लोकांनी रस्त्यांवरून आणि घरांजवळून वेचले होते. आपल्या मुलखात उल्का मिळायची शक्यता असते ती अशीच, पडल्यावर लगेच. पावसाळा मध्ये गेला की ती गंजते, आणि मग बांधावरच्या बाकीच्या दगडांत तिला कोण ओळखणार!

दिवस चौथा : जिंतूर, पूर्णा नदी आणि बांध

रात्री साडेनवाला वारा सुटला, मग वळवासारखी सर आली. वीस मिनिटं, जास्त नाही. सकाळी नांगरट अशी धुतलेली की नुसतं बघत उभं राहावं.

पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून येते आणि येलदरीला अडते. नदीपात्रात अकीक मिळाले, पण चांगला माल निघाला तो बांधावर. नांगराच्या फाळाला लागणारे दगड शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वेचून बांधावर टाकतो. दोन-तीन एकरांतला सगळा जाड माल एका रांगेत येऊन पडतो. शेतात फिरायची गरजच नाही, आणि ढेकळं तुडवली म्हणून कुणाची बोलणीही खावी लागत नाहीत. मालकाला विचारायचं, ढीग विस्कटला तर परत रचायचा.

ढिगातला अकीक बाहेरून बटाट्यासारखा दिसतो : खडबडीत, फोडांच्या सालीचा, काही ठिकाणी हिरवट. ती हिरवी साल सेलाडोनाइटची, पोकळीचं जुनं अस्तर. त्याच खनिजाचे धागे आत उतरले की शेवाळी अकीक बनतो. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटला तर आत पोकळ गोटा असण्याची शक्यता, कानाशी हलवून बघावा. रोटाव्हेटर फिरलेल्या रानातले गोटे मात्र तडकलेले असतात. उसाचं पाचट जाळलेल्या रानात तर अकीकावर जाळीदार चिरा पडतात. कापायच्या चकतीला लावला की तुकडे. पाणी मारून वाळताना बघावं, चिरा सगळ्यात शेवटी वाळतात आणि गडद रेघांसारख्या दिसतात.

नाश्त्याला सुशीला. चुरमुरे भिजवून केलेला हा पदार्थ पुणेकरांना अजून नीट कळलेला नाही. त्यांचं नुकसान.

दिवस पाचवा : तेर

परभणीहून परळी-अंबाजोगाईमार्गे तेर हा लांबचा पल्ला आहे आणि इथे काहीच वेचायचं नाही. तरीही यावं. जुन्या व्यापारातलं 'तगर' ते हेच, आणि गोरोबाकाकांचं गाव. इथल्या लामतुरे संग्रहालयात अकीकाचे मणी बघताना भिंग काढायचं. भोक दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये जुळवलेलं दिसतं, कधी जरा चुकलेलं. रंग इतका लाल का, हाही प्रश्न पडतो. नदीतला अकीक बहुधा करडा-पिवळसर असतो. गुजरातेतल्या खंभातचे कारागीर तो आधी दिवसेंदिवस उन्हात ठेवून पाणी काढतात, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. आतलं लोह लाल होतं. पाणी न काढता भाजला तर तो फुटतो. घरी गॅसवर करून बघणाऱ्यांचं नेमकं तेच होतं.

अजिंठा-वेरूळची लेणी बघायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना : रस्त्यावर मिळणारे गडद गुलाबी-निळे गोटे रंगवलेले असतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा कापूस फिरवला की बऱ्याचदा रंग कापसावर येतो.

घरी आल्यावर

झिओलाइट उकळू नये, तापवू नये, ॲसिडमध्ये घालू नये. त्याच्या जाळीत पाणी असतं, 'उकळणारा दगड' हे नाव १७५६ मध्ये त्याला त्यावरूनच मिळालं. साधं पाणी, मऊ ब्रश, सावलीत वाळवण.

अकीक आणि गारेवरचे तांबडे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात : लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, प्लास्टिकची झाकणाची बादली, हातमोजे, मोकळी हवा, दोन-चार दिवस. हे विष आहे, स्वयंपाकघरात नको. आणि मराठवाड्यातल्यांनी एक चूक टाळावी : बोअरचं पाणी वापरू नये. त्यातल्या कॅल्शियमशी ॲसिड जुळून खड्यावर पांढरा थर बसतो आणि तो काढणं मूळ डागापेक्षा अवघड जातं. आरओचं किंवा बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी घ्यावं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवावं, मग दोन-तीनदा साधं पाणी बदलावं.

प्रत्येक डबीत चिठ्ठी : गाव, शिवार, बांध की विहीर की पात्र, विहीर असेल तर किती परसावर, आणि तारीख. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, शाई ओलीत पसरते.